पांढरी साडी, भर ऊन आणि काळवंडलेले चेहरे

भीमजयंती असो, धम्मदीक्षेचा सोहळा असो की महिला मंडळाची सहल, कार्यक्रम आटोपला की "चला, सगळ्यांचा एक फोटो होऊ द्या" ही हाक ठरलेलीच. वेळ बहुधा भर दुपारची. फोटो हाती येतो तेव्हा साड्या आणि सदरे लख्ख पांढरे, चेहरे मात्र काळवंडलेले, डोळ्यांच्या जागी नुसत्या खोबणी. फोटोवाल्यास विचारावे तर उत्तर मिळते, "माणसेच सावळी, मी काय करणार?" हे उत्तर आम्हांस मान्य नाही.

आपल्या वस्त्यांतील कितीतरी आजी-आजोबांचा एकट्याचा धड फोटो कोणी काढलेलाच नसतो. ते गेल्यावर अशाच एखाद्या समूहातून चेहरा कापून मोठा करतात आणि तोच भिंतीवर लागतो. त्यात चेहराच दिसत नसेल तर नातवंडांनी काय पाहावे?

दोष कातडीचा नाही, मोजमापाचा आहे. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे सारे दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे धरून चालतो. चाळीस माणसे शुभ्र कपड्यांत आणि मागे चुन्याची भिंत असली, की उजेड फार झाला असे समजून तो प्रकाश कमी घेतो. कपडे सुधारतात, चेहरे बुडतात. मोबाइल चेहरे ओळखतो खरा, पण मोठ्या समूहातील लहान लहान चेहऱ्यांपुढे तोही फसतो. रोलच्या जमान्यात तर कोडॅक कंपनी रंग जुळविण्यासाठी जी नमुना-कार्डे पाठवी, त्यांवर अनेक वर्षे गोऱ्या बाईचेच चित्र असे. 'शर्ली' म्हणत त्यांना. आता बोला!

मोबाइल असेल तर पुढच्या रांगेतील सर्वांत सावळ्या चेहऱ्यावर बोट टेकवावे. बहुतेक मोबाइलवर शेजारी सूर्याचे चिन्ह दिसते, ते हळूहळू वर सरकवावे. साडीच्या निऱ्या दिसेनाशा होऊ लागल्या की थांबावे. दोन्ही साधत नसेल तर आम्ही चेहऱ्याच्या बाजूने आहोत.

हाताने प्रकाश ठरविण्याचा कॅमेरा असेल त्यांनी आपला तळवा समूहावर पडणाऱ्या उन्हातच धरून त्यावर माप घ्यावे आणि प्रकाश दुप्पट करावा. माणूस गोरा असो वा काळा, तळव्याच्या उजळपणात फारसा फरक नसतो. जुना हिशेबही ध्यानात ठेवावा : १०० आयएसओ, १/१२५ सेकंद, छिद्र एफ १६. ऊन समोरून चेहऱ्यावर पडत असेल तर हा हिशेब पांढऱ्या कपड्यांनी फसत नाही, कारण तो कपडा मोजत नाही, ऊन मोजतो.

तरीही १४ एप्रिलच्या दुपारी आपल्याकडे सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. कपाळाची सावली डोळ्यांवर आणि डोक्यावरच्या पदराची सावली अर्ध्या तोंडावर पडते. म्हणून आमचा आग्रह जागा बदलण्याचा. विहाराच्या किंवा चाळीच्या भिंतीच्या सावलीत, पण सावलीच्या कडेशी, सर्वांना उभे करावे. समोरच्या अंगणातले ऊन उसळून चेहऱ्यावर येते आणि फुकटात उजेड मिळतो. पिंपळाखाली उभे राहण्याचा मोह होतो, परंतु पानांतून पडणारे कवडसे गालावर कोडासारखे दिसतात. निळ्या कापडाच्या मंडपाखाली चेहरेही निळे होतात. निळा रंग झेंड्यातच बरा.

सावली नसेलच तर सूर्य समूहाच्या पाठीशी घ्यावा आणि माप चेहऱ्यांवर घ्यावे. कॅमेऱ्याचा फ्लॅश दिवसाही मारावा. मोबाइलचा दिवा मात्र तीन रांगांपर्यंत पोचत नाही, त्याची भिस्त धरू नये. मागच्या रांगा पायऱ्यांवर घ्याव्यात, म्हणजे कोणाची सावली कोणावर पडत नाही.

राहता राहिले उन्हाने मिटलेले डोळे. सर्वांना डोळे मिटायला सांगून मोठ्याने एक, दोन, तीन मोजावे. तीनला सर्वांनी डोळे उघडावेत आणि त्याच क्षणी बटण दाबावे. असे तीनदा करावे. म्हाताऱ्या माणसांना पहिल्या खेपेला हसू येते. तोही फोटो पुसू नये.