खाणींच्या गाळावरील मिठाचा पापुद्रा

मिठागरांत उन्हानें पाणी आटून मीठ उरतें, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु तेंच मीठ पुढें पाण्याचें आटणें अडवितें, ही गोष्ट सहसा लक्षांत येत नाहीं. पश्चिम ऑस्ट्रेलियांत कालगूर्लीच्या आसपास सोन्याच्या खाणी आहेत. तेथें गोड्या पाण्याचें दुर्भिक्ष असल्यामुळें दगड दळून सोनें काढण्यास भूगर्भांतील पाणी वापरतात, व तें पुष्कळ ठिकाणीं समुद्राच्या पाण्याहूनही कितीतरी अधिक खारें असतें. उरलेला चिखल बांध घातलेल्या विस्तीर्ण तळ्यांत सोडतात. उन्हानें तो वाळून घट्ट व्हावा, अशी अपेक्षा असते.

आरंभीं पाणी झपाट्यानें आटतें. पण चिखलाच्या बारीक छिद्रांतून वर चढणारें पाणी क्षार सोबत आणतें. पाणी उडून जातें आणि क्षार वर सांठतात. आणखी मीठ विरघळणार नाहीं इतक्या खाऱ्या झालेल्या पाण्यावरील कोंडलेल्या हवेची आर्द्रता शेंकडा ७५ च्या सुमारासच थांबते. गोड्या पाण्यावर ती १०० पर्यंत पोंचते. यावरून हिशेब करावा. बाहेरील हवेची आर्द्रता शेंकडा ५० असेल व दोन्ही पाण्यांचें उष्णतामान सारखें असेल, तर खाऱ्या पाण्याचा आटण्याचा जोर निम्माच राहतो. आर्द्रता ७५ च्या वर गेली कीं मीठच हवेंतील ओलावा ओढूं लागतें. पावसाळ्यांत घरच्या मिठाला पाणी सुटतें, तें याचमुळें. शिवाय पांढरा पापुद्रा ऊन परतवितो व छिद्रेंही बुजवितो. वर कोरडें, आंत मात्र मऊ रेंदा! अशा रेंद्यावर नवा थर चढवून बांध उंचावणें धोक्याचें असतें. त्याच प्रांतांत ॲल्युमिनाच्या कारखान्यांतील लाल चिखल यंत्रांनीं नांगरल्यासारखा उलथून वाळवितात; ही युक्ति मूळची शेतकऱ्याचीच म्हणावयास हरकत नाहीं.

आपल्याकडे नीरा डावा कालवा १८८५ सालीं सुरू झाल्यानंतर त्याच्या भिजाखालील पुष्कळशी काळी जमीन पाणथळ होऊन तींत मीठ फुटलें. तेथेंही हाच प्रकार घडतो. पांढरें पडलेलें रान वरून सुकलेलें दिसतें, म्हणून शेतकरी आणखी पाणी देतो. तसें करण्यापूर्वीं दोन-तीन हात खड्डा खणून पाहावा. खालीं पाणी लागल्यास पाळी लांबवावी व चर काढून निचरा करावा. नुसता वरचा पापुद्रा खरडल्यास आटणें पुन्हां जोरानें सुरू होतें, आणि खालील पाणी नवे क्षार घेऊन वर येतें.