स्नायूंची वीज टिपणारी विद्युत् अग्रे
स्नायू आकुंचन पावताना अत्यल्प विद्युत् दाब निर्माण होतो. त्वचेवर तो फार तर काही मिलिव्होल्ट भरतो. तो टिपण्यासाठी चांदी व सिल्व्हर क्लोराइडची विद्युत् अग्रे वापरतात. ‘सेनियाम’ या युरोपीय प्रकल्पाच्या १९९९ मधील शिफारशींनुसार स्नायुतंतूंच्या दिशेने अग्राचा आकार १० मिलिमीटरपेक्षा अधिक नसावा व दोन अग्रांच्या केंद्रांत २० मिलिमीटर अंतर असावे. अंतर वाढल्यास शेजारच्या स्नायूंचे संकेत मिसळतात. त्वचा स्वच्छ करून ही जोडी तंतूंच्या दिशेने बसवितात. दोहोंतील फरकाचेच विवर्धन केल्याने वीजतारांचा ५० हर्ट्‌झचा व्यत्यय बराच घटतो. हात गमावलेल्या व्यक्तीचा विद्युत्‌चलित कृत्रिम हात याच संकेतांवर मिटतो व उघडतो. अग्र सैल झाल्यास हातातील पेला निसटू शकतो. म्हणूनच या लहानशा चकतीच्या रचनेस एवढे महत्त्व आहे.