पोरगं मेटल कॉन्सर्टला निघालंय? मग काळजी सैतानाची नको, कानांची आणि परतीच्या गाडीची करा

शेवगावला मोठ्या आवाजाचं अप्रूप नाही. गणपतीची मिरवणूक असो, लग्नाची वरात असो की गावची जत्रा, छाती धडधडेल असा डीजे इथं सगळ्यांनीच ऐकलेला असतो. पण त्याच गावातलं एखादं पोरगं काळा टी-शर्ट घालून मुंबईला मेटल कॉन्सर्ट बघायला निघालं, की घरात प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. तेवढ्यात कुणीतरी मोबाईलवर एखादा व्हिडिओ दाखवतं. शेकडो पोरं एकमेकांना धडका देतायत, केस मोकळे सोडून माना हलवतायत आणि स्टेजवरचा माणूस गाण्याऐवजी गुरगुरतोय. झालं, आई निकाल देऊन टाकते, "काही जायचं नाही!"

आता आईची काळजी खोटी नसते. फक्त ती चुकीच्या गोष्टीची असते. मेटलच्या बाबतीत लोक ज्याला घाबरतात त्यातला बराचसा भाग दिसायलाच भयंकर असतो, आणि जे खरे धोके आहेत त्यांच्याबद्दल कुणी बोलतच नाही. म्हणून या दोन्ही गोष्टी एकदा नीट समजून घेऊ.

हे मेटल प्रकरण नेमकं आहे काय?

सुरुवात होते इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमपासून. कारखान्यांचं शहर. तिथं टोनी आयोमी नावाचा पोरगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. मशिनमध्ये हात सापडला आणि त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली. हा गिटार वाजवायचा डावखुऱ्या पद्धतीनं, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. त्यानं प्लॅस्टिक वितळवून बोटांना टोप्या बनवल्या आणि वाजवणं चालू ठेवलं. पुढे तारा दाबायला सोप्या जाव्यात म्हणून त्या सैल केल्या, तसा सूर आणखी खाली उतरला, जड झाला. त्याच्या ‘ब्लॅक सबाथ’ या बँडचा पहिला अल्बम 13 फेब्रुवारी 1970 ला आला. हेवी मेटलची सुरुवात बहुतेक जण तिथूनच मोजतात.

थोडक्यात काय, तर हे संगीत जन्मलं ते कामगारांच्या वस्तीत.

मग ती शिंगांची खूण? सैतानाची पूजा?

कॉन्सर्टमध्ये सगळे हात वर करून तर्जनी आणि करंगळीची शिंगं दाखवतात. ही खूण मेटलमध्ये लोकप्रिय केली रॉनी जेम्स डिओ या गायकानं. 1979 मध्ये तो ब्लॅक सबाथमध्ये आला. ही खूण कुठून घेतली, तर त्यानंच सांगितलं होतं की त्याची इटालियन आजी वाईट नजर लागू नये म्हणून अशी बोटं करायची. म्हणजे आपल्याकडे आजी मीठ-मोहऱ्या घेऊन दृष्ट काढते, त्याच जातीची ही गोष्ट. आता काही बँड सैतानाची चित्रं आणि नावं मुद्दाम वापरतात हे खरं, पण बहुतेकांसाठी तो भीतिपटासारखा नाटकाचा भाग असतो.

आणि हे ऐकून पोरं हिंसक होतात का? ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात 2015 मध्ये यावर अभ्यास झाला. मेटल ऐकणाऱ्या 39 जणांना आधी चिडायला लावलं, मग काहींना त्यांच्या आवडीचं मेटल ऐकवलं आणि काहींना नुसतं शांत बसवलं. ऐकणाऱ्यांचा राग वाढला नाही, उलट त्यांना बरं वाटलं. अभ्यास छोटा आहे, त्यावरून सगळ्यांचा निकाल लावता येणार नाही. पण ‘कर्कश ऐकलं की डोकं फिरतं’ हे सरसकट म्हणणंही त्यातून टिकत नाही.

धक्काबुक्की दिसते तिला मॉश पिट म्हणतात

व्हिडिओत दिसणारी ती धक्काबुक्की म्हणजे मॉश पिट. स्टेजसमोरच्या गर्दीत पोरं गोल जागा मोकळी करतात आणि गाण्याचा वेग वाढला की त्यात शिरून एकमेकांना खांद्यानं ढकलतात. बाहेरून ती मारामारी वाटते, पण तिला नियम असतात. कोपर वर करायचं नाही. ज्याला आत यायचं नाही त्याला ओढायचं नाही. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे कुणी पडलं की आजूबाजूच्यांनी थांबून त्याला लगेच उभं करायचं. कुणाचा बूट किंवा चष्मा सापडला तर तो हात उंच करून धरायचा, म्हणजे ज्याचा आहे त्याला दिसतो.

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या भौतिकशास्त्रज्ञांनी 2013 मध्ये अशा व्हिडिओंचा चक्क अभ्यास केला. त्यांना दिसलं की मॉश पिटमधली माणसं बंद डब्यातल्या वायूच्या कणांसारखी धडकत फिरतात. दुसरा प्रकार सर्कल पिटचा, त्यात सगळे गोल धावतात आणि बहुतेक वेळा घड्याळाच्या उलट दिशेनं. आपली देवळातली प्रदक्षिणा घड्याळाच्या दिशेनं, यांची उलटी, एवढाच काय तो फरक!

याचा अर्थ मॉश पिटमध्ये लागत नाही असं नाही. खरचटतं, मुका मार बसतो, कधी हाडही मोडतं. मान जोरजोरात हलवल्यानंही दुसऱ्या दिवशी ती धरते. 2008 मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार, मान 75 अंशांपेक्षा जास्त हलवत साधारण 146 ठोक्यांच्या लयीत हेडबँगिंग केलं तर डोक्याला सौम्य इजा होऊ शकते. म्हणून मान थोडी कमी हलवावी आणि ज्याला हे नको असेल त्यानं कडेला उभं राहावं. कडेला उभं राहून कॉन्सर्ट बघणाऱ्याला कुणी कमी चाहता समजत नाही.

खरा धोका नंबर एक : जागाच न उरणं

मॉश पिटमध्ये जागा मोकळी असते म्हणून माणूस हलू शकतो. जीव जातो तो जागा संपते तेव्हा. 30 जून 2000 ला डेन्मार्कच्या रॉस्किल्ड महोत्सवात ‘पर्ल जॅम’ हा बँड वाजवत असताना मागून रेटा आला आणि स्टेजसमोर चेंगरून 9 जण गेले. आपल्या देशात नोव्हेंबर 2023 मध्ये कोचीच्या विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठात कॉन्सर्ट सुरू होण्याआधीच 4 जणांचा मृत्यू झाला. तिथं मेटल नव्हतं आणि मॉश पिटही नव्हतं. पाऊस आला, लोक एकदम दाराकडे धावले आणि पायऱ्यांवर पडले.

म्हणून कुठल्याही गर्दीत शिरताना बाहेर पडायचा रस्ता आधी बघून ठेवायचा. हात हलवता येईनासे झाले तर दोन्ही हात छातीसमोर धरून श्वासापुरती जागा राखायची. गर्दीच्या विरुद्ध न रेटता तिरकं सरकत कडेला यायचं. हे पैठणच्या नाथषष्ठीला आणि मढीच्या यात्रेलाही तितकंच लागू पडतं.

खरा धोका नंबर दोन : कान

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. 85 डेसिबलचा आवाज दिवसाला 8 तास चालतो, असं अमेरिकेतल्या कामगार आरोग्य संस्थेचं म्हणजे नायॉशचं प्रमाण सांगतं. पण दर 3 डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते आणि सुरक्षित वेळ निम्मी होते. 88 ला 4 तास, 91 ला 2 तास, असं करत 100 डेसिबलला उरतात फक्त 15 मिनिटं. रॉक कॉन्सर्टमध्ये स्टेजजवळ आवाज 100 च्या वर सहज जातो आणि शो चालतो दोन-तीन तास. जागतिक आरोग्य संघटनेनं 2022 मध्ये अशा ठिकाणांसाठी सरासरी 100 डेसिबलची कमाल मर्यादा सुचवली, ती यासाठीच.

कानाच्या आत आवाज पकडणाऱ्या केसांसारख्या बारीक पेशी असतात. त्या एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. कॉन्सर्टहून आल्यावर कानात शिट्टी वाजत राहते, ती या पेशींनी दिलेली सूचना समजायची. एक-दोन दिवसांत थांबली नाही तर कानाचा डॉक्टर गाठायचा.

उपाय स्वस्त आहे. मऊ फोमचे इअरप्लग अगदी कमी पैशांत मिळतात. ते बोटांनी चेपून, कान थोडा वर ओढून नीट आत बसवले तर आवाज बराच कमी होतो. कापसाच्या बोळ्याचा मात्र फारसा उपयोग नसतो. आणि हो, हेच गणित मिरवणुकीत डीजेच्या भिंतीपुढे तासन्‌तास नाचणाऱ्यालाही लागू आहे. तिथं आईनं कधी "काही जायचं नाही" म्हटलेलं नसतं.

खरा धोका नंबर तीन : परतीची गाडी

शेवगावला रेल्वे नाही. म्हणजे सुरुवात एसटी स्टँडवरून. इथून नगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर, साधारण 65 किलोमीटर. तिथून पुणे 120 च्या आसपास आणि पुढे मुंबई दीडशे. एका बाजूनं सव्वातीनशे किलोमीटरहून जास्त आणि गाड्या बदलत आठ-नऊ तास.

त्यात उघड्यावरचे शो साधारणपणे रात्री 10 ला संपतात. कारण 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाऊडस्पीकर बंद ठेवावा लागतो. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस ही वेळ 12 पर्यंत वाढवू शकतं. रुग्णालय, शाळा-कॉलेज आणि न्यायालयाभोवती 100 मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असतं, तिथं नियम आणखी कडक. मुंबईच्या धोबी तलावजवळचं रंगभवन याच कारणानं रॉकला मुकलं. 1986 मध्ये ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव तिथं सुरू झाला होता आणि देशभरातल्या रॉक बँडसाठी ते मानाचं ठिकाण बनलं होतं. पण शेजारी कॉलेज आणि रुग्णालयं असल्यानं तिथला मोठा आवाज बंद झाला.

शो 10 ला संपला, तरी हजारोंच्या गर्दीतून बाहेर पडून स्टँड गाठेपर्यंत मध्यरात्र होते. फोनवर दिवसभर तिकिटाचा क्यूआर कोड, नकाशा आणि व्हिडिओ चाललेले असतात, त्यामुळे बॅटरीही गेलेली. अशा वेळी अनोळखी शहरात एकटं अडकणं मॉश पिटपेक्षा जास्त धोक्याचं. तिकीट काढायच्या आधी रात्रीचा मुक्काम ठरवायचा, तो यासाठी. सोबत पॉवर बँक ठेवायची आणि घरचा नंबर कागदावर लिहून खिशात ठेवायचा.

पैशांचाही धोका असतो. 28 ऑक्टोबर 2011 ला ‘मेटालिका’ची गुडगावची कॉन्सर्ट ऐनवेळी रद्द झाली. चिडलेल्या गर्दीनं स्टेजवर मोडतोड केली आणि आयोजकांपैकी काहींना अटक झाली. दोनच दिवसांनी बंगळुरूत त्याच बँडची कॉन्सर्ट पार पडली. तिकिटाचे पैसे परत मिळतीलही, पण प्रवासाचे आणि बुडालेल्या रोजाचे कुणी देत नाही. इन्स्टाग्रामवर अनोळखी माणसाकडून घेतलेलं तिकीट खोटं निघालं, तर तेही गेले.

एवढं करून जायचंच कशाला?

गाणी तर फोनवर फुकट ऐकता येतात. पण अभंगही घरी बसून म्हणता येतात, तरी माणसं पायी पंढरपूरला जातातच ना. ज्या गावात आपलं संगीत ऐकणारं दुसरं कुणी सापडत नाही, तिथल्या पोराला तेच गाणं हजारो लोकांबरोबर म्हणायला मिळणं ही मोठी गोष्ट असते. एरवी ‘हे काय आरडाओरड ऐकतोस’ एवढंच त्याच्या वाट्याला आलेलं असतं.

शिवाय संधी थोड्या असतात. ‘डीप पर्पल’ एप्रिल 1995 मध्ये मुंबईत वाजवून गेले. ‘आयर्न मेडन’ मार्च 2007 मध्ये बंगळुरूला आले आणि 1 फेब्रुवारी 2008 ला त्यांनी आपल्या जागतिक दौऱ्याची सुरुवात मुंबईतून केली. त्या दौऱ्यात बँडचं बोइंग विमान त्यांचा गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः चालवत होता. 2010 पासून पुण्यात ‘एनएच7 वीकेंडर’ सुरू झालं, 2023 पासून मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर ‘लोलापालूझा’ होऊ लागलं, मे 2025 मध्ये त्याच मैदानावर ‘गन्स एन रोझेस’ वाजवून गेले. पण जुने बँड म्हातारे होतायत. ब्लॅक सबाथचा गायक ऑझी ऑस्बॉर्न 5 जुलै 2025 ला बर्मिंगहॅममध्ये सिंहासनावर बसून शेवटचा गायला आणि 22 जुलैला गेला. ज्यांचं बघायचं राहिलं, त्यांचं कायमचं राहिलं.

त्यामुळे पुढच्या वेळी घरातलं पोरगं किंवा पोरगी काळा टी-शर्ट घालून समोर उभी राहिली, तर ‘काही जायचं नाही’च्या ऐवजी तीन प्रश्न विचारा. सोबत कोण आहे? रात्री मुक्काम कुठं? इअरप्लग घेतलेस का? तिन्हींची उत्तरं नीट आली, तर नगरच्या गाडीत बसवून द्यायला हरकत नाही.