ग्राही यंत्रातील आंदोलक आणि त्याचा उपद्रव

वैनगंगेच्या खोऱ्यातील बालाघाट जिल्हा आज मध्य प्रदेशात असला, तरी १९५६ पर्यंत हा प्रदेश व विदर्भ एकाच राज्यात होते आणि नागपूर ही त्या राज्याची राजधानी होती. १६ जुलै १९४८ रोजी सुरू झालेल्या नागपूर आकाशवाणीचा आवाज त्यामुळे येथील मराठी घरांना परका नाही. रात्री रेडिओ ऐकताना मध्येच एक बारीक शीळ सुरू होते, हाही अनेकांच्या परिचयाचा अनुभव आहे. अशा वेळी श्रोता प्रक्षेपण केंद्राला किंवा हवामानाला दोष देतो. परंतु कधी कधी तो दोष शेजारच्या घरातील रेडिओचा असतो.

ऐकणारे यंत्र बोलते कसे?

रेडिओ हे केवळ ग्रहण करणारे यंत्र आहे, असा सर्वसाधारण समज आहे. तो पूर्णतः बरोबर नाही. एडविन आर्मस्ट्राँग या अमेरिकन संशोधकाने १९१८ मध्ये शोधून काढलेल्या पद्धतीनुसार, ग्राही यंत्रात आंदोलक, म्हणजेच ऑसिलेटर, नावाचे एक लहान मंडल असते. ते स्वतःचा तरंग निर्माण करते. हा तरंग बाहेरून आलेल्या तरंगाशी मिसळला जातो व दोहोंच्या कंप्रतांमधील फरकाइतक्या ठराविक कंप्रतेवर पुढील विवर्धन होते. मध्यम लहरींच्या संचांत हा फरक सामान्यतः ४५५ किलोहर्ट्झ ठेवतात.

आता एक हिशोब पाहू. आकाशवाणीच्या तक्त्यात नागपूर ‘अ’ केंद्राची कंप्रता ५८५ किलोहर्ट्झ आहे. ते केंद्र लावले की संचातील आंदोलक ५८५ अधिक ४५५, म्हणजे १०४० किलोहर्ट्झवर चालू लागतो. मुंबई ‘अ’ केंद्राची कंप्रता आहे १०४४ किलोहर्ट्झ. भिंतीपलीकडे कोणी मुंबई ऐकत असेल आणि नागपूर लावलेल्या संचातील तरंग बाहेर झिरपत असेल, तर ४ किलोहर्ट्झचा फरक त्याला तीक्ष्ण शिटीच्या रूपाने ऐकू येतो. दोघेही निर्दोष श्रोते. उपद्रव मात्र खरा.

प्रश्न केवळ करमणुकीचा नाही

एफ. एम. संचांत हाच फरक १०.७ मेगाहर्ट्झ असतो. १०० मेगाहर्ट्झचे केंद्र लावले असता आंदोलक ११०.७ मेगाहर्ट्झवर येतो, आणि १०८ ते ११८ मेगाहर्ट्झचा पट्टा विमानांच्या मार्गदर्शनासाठी राखून ठेवलेला आहे. विमानात एफ. एम. रेडिओ वापरण्यास मनाई करण्यामागे हे एक मूळ कारण होते.

आपल्या जिल्ह्यापुरते बोलायचे, तर कान्हा राष्ट्रीय उद्यान मंडला व बालाघाट या दोन जिल्ह्यांत पसरलेले आहे. २०११ मध्ये तेथील गवे बांधवगडला हलविण्यात आले, तेव्हा त्यांतील काहींच्या गळ्यात रेडिओ-पट्टे बांधलेले होते. अशा पट्ट्याचा संकेत अत्यंत क्षीण असतो. शोध घेणाऱ्या जीपमध्येच एखादा सदोष बिनतारी संच किंवा मोबाइलचा हलक्या प्रतीचा चार्जर चालू असेल, तर तो संकेत गोंगाटात बुडून जातो. चार्जर व काही एल. ई. डी. दिवे यांतही वेगाने उघडझाप करणारे मंडल असते. तेही एक प्रकारचे आंदोलकच होय. जंगलातील चौकीवर मदतीची हाक ऐकू येणे किंवा न येणे कित्येकदा एवढ्याशा गोष्टीवर अवलंबून राहते.

उपाय

आंदोलकाचा तरंग तीन वाटांनी बाहेर पडतो: एरियलमधून, वीजपुरवठ्याच्या तारांतून आणि थेट हवेतून. या तिन्ही वाटा बंद करणे, हेच उपायांचे सूत्र आहे.

पहिली वाट बंद करण्यासाठी एरियल व मिश्रक मंडल यांच्यामध्ये विवर्धकाची एक पायरी ठेवतात. ती बाहेरचा संकेत आत येऊ देते, परंतु आतील तरंगास उलट जाऊ देत नाही. दुसऱ्या वाटेसाठी आंदोलकाच्या पुरवठ्याच्या तारेत फेराइटचा मणी ओवतात व तार आणि भूमी यांच्यामध्ये सुमारे ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडतात. त्याची टोके शक्य तितकी आखूड ठेवावीत. तिसऱ्या वाटेसाठी आंदोलकावर तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची डबी बसवून ती सांगाड्याशी पक्की जोडतात. ज्या जिल्ह्यात मलाजखंडची तांब्याची खाण आहे, तेथे तांब्याचा हा उपयोग अवश्य ठाऊक असावा. याखेरीज आंदोलकास आवश्यक तेवढीच शक्ती द्यावी. ती वाढविल्यास त्याच्या दुप्पट-तिप्पट कंप्रतांचे अनाहूत तरंगही बळावतात.

दुरुस्तीच्या वेळी काढलेली पत्र्याची डबी परत न बसविणे, ही नेहमी आढळणारी चूक आहे. संच वाजू लागला म्हणजे काम संपले, असे कारागिरांनी मानू नये.

घरी व शाळेत

रेडिओत घरघर येत असल्यास तो सेलवर चालवावा आणि घरातील दिवे व चार्जर एकेक करून बंद करावेत. दोषी उपकरण आपोआप सापडते. संच आडवा फिरविल्यानेही उपद्रव कमी होतो, कारण आतील फेराइटची कांडी एका विशिष्ट दिशेने सर्वात कमी ग्रहण करते.

शिक्षकांनी रात्रीच्या वेळी काटा फिरविण्याच्या जुन्या पद्धतीचे दोन संच जवळजवळ ठेवावेत. एक संच १००० ते १६०० किलोहर्ट्झमधील ऐकू येणाऱ्या केंद्रावर लावावा व दुसरा त्याहून सुमारे ४५५ ने खाली आणून हळूहळू फिरवावा. पहिल्या संचातील शीळ खाली उतरते, क्षणभर नाहीशी होते आणि पुन्हा चढते. नव्या अंकीय पद्धतीच्या संचांत मात्र हा प्रयोग जमत नाही.

आकाश सर्वांचे सामाईक आहे. विहिरीचे पाणी गढूळ होऊ नये म्हणून गाव जी दक्षता घेते, तीच या अदृश्य मार्गाबाबतही घेणे इष्ट आहे, आणि तिचा प्रारंभ आपल्या घरातील संचापासून व्हावा.