फेर्रागोस्तो : लहान गावातील मोठी सुट्टी

१५ ऑगस्ट हा दिवस आपल्यासाठी दुहेरी आनंदाचा असतो. एकीकडे मरियामातेच्या स्वर्गउन्नयनाच्या सणाची मिस्सा आणि दुसरीकडे स्वातंत्र्यदिनाचे झेंडावंदन. त्याच दिवशी इटलीतही देशभर सार्वजनिक सुट्टी असते. तिला तेथे ‘फेर्रागोस्तो’ म्हणतात. भर उन्हाळ्यातील ही सुट्टी शहरे ओस पाडते आणि लहान गावे माणसांनी भरून टाकते.

नावामागील इतिहास

ज्याच्या आज्ञेने नावनिशी झाल्याचे संत लूक सांगतो, त्याच कैसर औगुस्ताने इ. स. पूर्व १८ मध्ये या विश्रांतीच्या दिवसांना आरंभ केला. सुगीची कामे संपलेली असत. शेतमजुरांना उसंत मिळे. आपल्याकडे पोळ्याला बैलांच्या मानेवरचे जू उतरवतात, तशीच तेथेही ओझ्याच्या जनावरांना फुलांनी सजवून मोकळे ठेवीत. पुढे सातव्या शतकापर्यंत रोममध्ये १५ ऑगस्टला मरियामातेचा सण रुजला आणि जुन्या सुट्टीला नवा अर्थ लाभला. स्वर्गउन्नयन हे श्रद्धासत्य असल्याची अधिकृत घोषणा मात्र बारावे पायस यांनी १ नोव्हेंबर १९५० रोजी केली.

विसाव्या शतकात या सुट्टीला आजचे रूप आले. १९३१ पासून इटलीत स्वस्त तिकिटांच्या खास आगगाड्या सुटू लागल्या. ज्या कामगारांनी कधी समुद्र वा डोंगर पाहिला नव्हता, ते घरचा डबा घेऊन सहलीला निघाले. आजही या दिवशी शहरातील दुकानांवर ‘सुट्टीनिमित्त बंद’ अशा पाट्या लागतात. नोकरीसाठी दूर गेलेली मुले-नातवंडे आजीआजोबांच्या गावी परततात. सकाळी मिस्सा, दुपारी मोठे कौटुंबिक जेवण, संध्याकाळी कोठे मरियामातेची मिरवणूक तर कोठे चौकात बँड आणि रात्री आतषबाजी, असा तेथील दिनक्रम असतो.

कास्तेल गांदोल्फो

रोमच्या आग्नेयेस सुमारे २५ किलोमीटरवर कास्तेल गांदोल्फो हे टेकडीवरील गाव आहे. खाली विझलेल्या ज्वालामुखीच्या मुखात साठलेले आल्बानो सरोवर आहे. हवा रोमपेक्षा थंड. १६२६ साली आठवे अर्बन येथे उन्हाळ्यासाठी आले आणि पोपमहोदयांच्या वास्तव्याची परंपरा सुरू झाली. महायुद्धात, १९४४ साली, येथील पोपच्या वाड्याने हजारो निर्वासितांना आसरा दिला. पोपच्या खाजगी दालनांत बाळंतपणे झाली.

पोप फ्रान्सिस यांनी येथे उन्हाळा घालवण्याची प्रथा थांबवली. त्याची झळ गावातील खानावळींना व दुकानांना बसली. २०१६ साली वाड्याचे संग्रहालय झाले आणि वर्षभर पाहुणे येऊ लागले. २०२५ च्या जुलैमध्ये पोप चौदावे लिओ पुन्हा येथे विश्रांतीसाठी आले. १५ ऑगस्टला त्यांनी बेर्निनीने उभारलेल्या गावच्या चर्चमध्ये मिस्सा अर्पण केली. दोन दिवसांनी, १७ ऑगस्टला, त्यांनी शेजारच्या आल्बानो येथे मिस्सा अर्पण केली आणि नंतर वाड्याच्या बागेत सुमारे शंभर गोरगरिबांच्या पंगतीला बसून भोजन केले.

सुट्टीची दुसरी बाजू

या भोजनाचे महत्त्व कळण्यासाठी २००३ चा ऑगस्ट आठवावा लागेल. त्या महिन्यात युरोपात उष्णतेची भीषण लाट आली. एकट्या फ्रान्समध्ये सुमारे १५ हजार माणसे दगावली. इटलीतही बळींची संख्या हजारोंत होती. त्यांत वृद्ध फार होते आणि त्यांतील कित्येक शहरातील घरांत एकटे राहत होते. घरची माणसे सुट्टीवर, शेजारी सुट्टीवर, अनेक डॉक्टरही सुट्टीवर. सारे गाव एकत्र जेवते त्याच दिवशी शहरात कोणाचे तरी दार कोणीच ठोठावत नाही. सुट्टी जितकी मोठी, तितका हा एकटेपणा गडद होतो.

१५ ऑगस्टच्या मिस्सेत संत लूकच्या पहिल्या अध्यायाचे वाचन होते, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. मरिया लगबगीने डोंगराळ प्रदेशातील एका गावी जाते. तेथे तिची वयोवृद्ध नातलग अलिशिबा गरोदर आहे. मरिया तिच्याजवळ सुमारे तीन महिने राहते. म्हणजे सणाच्या दिवशी आपण जी कथा ऐकतो, ती एका लहान गावच्या प्रवासाची आणि म्हाताऱ्या माणसाच्या सोबतीची आहे.

आपल्याही वसईच्या वाड्यांतून आणि कोकणातील गावांतून मुले मुंबईला, आखातात, परदेशी गेली आहेत. मागे राहिलेल्यांची घरे मोठी आहेत, पण ताटे दोनच लागतात. १५ ऑगस्टची सुट्टी त्यांच्याही वाट्याला यावी. मिस्सा आणि झेंडावंदन आटोपल्यावर आपल्या धर्मग्रामातील अशा एका घराचे दार ठोठवावे. दुपारचे जेवण तेथेच व्हावे.