पेढीची गादी आणि बुटाची गादी

चातुर्मास बसला की साधू-साध्वींचा विहार थांबतो. एरवी अनवाणी गावोगाव जाणारी ती पावले चार महिने एका ठिकाणी स्थिरावतात. संसारी माणसाला मात्र तशी सवलत नाही. पेढी वेळेवर उघडावी लागते, आडतीत फेरी मारावी लागते, आणि डॉक्टरांनी सांगितलेले सकाळचे चालणेही टाळून भागत नाही. उमरीसारख्या बाजारपेठेच्या गावात दिवसभर गादीवर बसून व्यवहार सांभाळणाऱ्या माणसाच्या पन्नाशीनंतरच्या चालण्यामागे बहुधा हौस नसते, रक्तातील साखर असते.

अशा वेळी पुण्यात किंवा हैदराबादेत नोकरी करणारा मुलगा वडिलांसाठी जाड, मऊ तळाचे धावण्याचे बूट पाठवतो. किंमत पाच हजारांपासून पंधरा हजारांपर्यंत काहीही असू शकते. उन्हाळ्यात बूट सुखाचे वाटतात. पहिला पाऊस पडतो, काळी माती तळाला किलो किलोने चिकटते, जाळीतून पाणी आत शिरते, टाच घसरू लागते आणि चार दिवसांत पायाला फोड येतो. निरोगी माणसाचा फोड आठवड्यात बरा होतो. मधुमेहाने पायाची संवेदना मंदावलेली असेल, तर तो फोड जाणवतही नाही आणि त्याची जखम केव्हा झाली हे कळत नाही. म्हणूनच बुटाची निवड ही केवळ खरेदीची बाब राहत नाही.

प्रथम गादीचा विचार करू. चालताना प्रत्येक पावलागणिक जमिनीकडून शरीराच्या वजनाच्या साधारण सव्वा पट बल पायावर येते; धावताना ते दोन ते तीन पट होते. हा धक्का सावकाश झेलण्यासाठी बुटाच्या तळात फोमचा थर घालतात. अलीकडे हा थर इतका जाड होत गेला की जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेला २०२० मध्ये रस्त्यावरील शर्यतींच्या बुटांसाठी तळाच्या जाडीची ४० मिलिमीटरची मर्यादा घालावी लागली. लक्झेंबर्ग येथे ८०० हून अधिक हौशी धावपटूंवर झालेल्या एका अभ्यासात कडक तळाच्या बुटांपेक्षा मऊ तळाच्या बुटांत दुखापती कमी आढळल्या. तथापि हा लाभ प्रामुख्याने कमी वजनाच्या धावपटूंत स्पष्ट दिसला. वजन वाढले म्हणून अधिक जाड गादी घ्यावी, हा सर्वसाधारण समज त्यामुळे सिद्ध होत नाही. शिवाय फार मऊ आणि जाड तळावर पायाला जमिनीचा अंदाज नीट येत नाही. पातळ, कडक तळावर माणसाचा तोल अधिक चांगला राहतो, असे प्रयोगांतून दिसून आले आहे. ज्येष्ठांनी बूट घेताना ही गोष्ट विसरू नये. गादी असावी, परंतु पाऊल त्यात रुतून डगमगू नये.

गादीहूनही महत्त्वाचे आहे ते माप. चेन्नई येथील केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभरातील एक लाखाहून अधिक लोकांच्या पायांची मापे घेतली, तेव्हा भारतीयांचे पाय युरोप-अमेरिकेतील लोकांपेक्षा रुंद असल्याचे दिसले. आपल्या दुकानांत मिळणारे बूट मात्र आजही बहुधा परदेशी साच्यांवर बेतलेले असतात. बोटे आवळली की ग्राहक एक नंबर मोठा घेतो. लांबी वाढते, टाच सैल पडते आणि फोडाला निमंत्रण मिळते. अशा वेळी नंबर वाढवण्याऐवजी त्याच नंबरातील रुंद साच्याचा बूट मागावा. दिवसभरात पाय किंचित सुजतात, म्हणून खरेदी संध्याकाळी करावी. जे मोजे रोज वापरायचे तेच घालून दोन्ही पायांत बूट चढवावेत, कारण दोन्ही पाय क्वचितच अगदी सारखे असतात. मोठ्या पायाला माप द्यावे. उभे राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहावी आणि चालताना टाच वर सरकू नये.

येथे व्यापारी घरांतील एक सवय नमूद करणे आवश्यक आहे. गादीवर बसण्यापूर्वी, मंदिराच्या पायरीशी, घराच्या उंबऱ्यावर अशी दिवसातून दहा वेळा पादत्राणे काढली जातात. दर वेळी लेस सोडण्याचा कंटाळा येतो. मग ती कायमची सैल बांधून ठेवतात आणि टाचेची मागची कड तुडवून पाय आत सरकवतात. त्या कडेच्या आत टाच धरून ठेवणारा ताठ भाग असतो. तो एकदा दबला की बारा हजारांच्या बुटाची साधी सपाता होते. चालण्याचे बूट चालण्यापुरतेच ठेवावेत आणि पेढीसाठी चप्पल वेगळी असावी, हा त्यावरचा सरळ उपाय आहे.

आधाराच्या बाबतीतही जाहिरातीपेक्षा अनुभव खरा. तळव्याची कमान पाहून कोणता बूट घ्यावा हे सांगण्याची पद्धत अनेक वर्षे रूढ होती. अमेरिकेच्या लष्करी प्रशिक्षणार्थींपैकी काहींना कमानीनुसार निवडलेले, तर इतरांना सरसकट एकाच प्रकारचे बूट देऊन पाहिले, तेव्हा दुखापतींच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. पायाला पहिल्याच क्षणी जो सुखकर वाटतो तो बूट बहुधा योग्य ठरतो. ‘वापरता वापरता सैल होईल’ हे आश्वासन मात्र स्वीकारू नये. ज्यांच्या पायाची संवेदना कमी झाली आहे, त्यांनी स्वतःच्या जाणिवेवर न विसंबता डॉक्टरांच्या सल्ल्यानेच बूट निवडावा.

आता पावसाळ्याकडे वळू. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याच्या मांडवा गावचा अविनाश साबळे हा ३००० मीटर स्टीपलचेस शर्यतीचा धावपटू. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेत त्याने ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक मिळवले. या शर्यतीत २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्याचा खड्डा ओलांडावा लागतो. तिथे बूट कोरडा ठेवणे अशक्य असते. म्हणून त्या शर्यतीचे बूट जाळीदार, आत आलेले पाणी झटकन बाहेर सोडणारे असतात. मराठवाड्याच्या पावसालाही हेच सूत्र लागू पडते. ‘वॉटरप्रूफ’ बूट शिंतोडे अडवतो. पण मुसळधार पावसात पाणी घोट्याकडून आत शिरते आणि मग तेच अस्तर त्याला बाहेर पडू देत नाही. उबदार हवेत घामही आतच कोंडतो. जाळीचा बूट लवकर भिजतो, पण लवकर वाळतोही. सुती मोजे पाणी धरून ठेवतात. त्याऐवजी खेळाचे कृत्रिम धाग्याचे मोजे बरे. तळाची नक्षी बोथट झाली असेल, तर शेवाळलेल्या फरशीवर कोणतीही गादी माणसाला सावरू शकत नाही.

भिजलेल्या बुटातील आतला सोल काढून वेगळा वाळवावा, बुटात रद्दीचे बोळे भरावेत आणि बूट पंख्याखाली ठेवावा. कडक ऊन किंवा शेगडीची धग लागली की डिंक सुटतो आणि फोम कडक होतो. पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसाव्यात. मधुमेहींनी रोज रात्री तळपाय डोळ्यांनी पाहावेत. स्वतःला वाकता येत नसेल तर घरातील कोणाकडून पाहून घ्यावेत.

चामडे वर्ज्य मानणाऱ्या घरांसाठी एक सूचना. आजचे बहुतेक धावण्याचे बूट कापड व कृत्रिम पदार्थांचे असतात, परंतु ‘स्वेड’ आणि ‘नुबक’ ही नावे चामड्याचीच आहेत. अनेक बुटांच्या आतील खुणेत पसरलेल्या कातड्याची आकृती चामडे दर्शवते, विणलेल्या जाळीची आकृती कापड, तर समभुज चौकोन इतर पदार्थ. खरेदीपूर्वी ती खूण पाहून घ्यावी.

शेवटी हिशेबाची बाब. यंत्राप्रमाणे बुटालाही घसारा असतो. धावण्याच्या बुटाचे आयुष्य साधारण ५०० ते ८०० किलोमीटर मानले जाते. रोज ४ किलोमीटर धावणाऱ्याचा हा पल्ला १२५ ते २०० दिवसांत संपतो. चालणाऱ्याचा बूट त्याहून अधिक टिकतो. बूट सपाट टेबलावर ठेवून मागून पाहावा. तो एका बाजूला कलला असेल, फोमवर सुरकुत्या पडल्या असतील, तर वरून नवा दिसला तरी त्याचे काम संपले आहे. पंधरा हजारांचा एक जोड तीन वर्षे ओढण्यापेक्षा मध्यम किमतीचे, नीट मापाचे दोन जोड आलटून पालटून वापरणे पावसाळ्यात अधिक हिताचे, कारण एक वाळत असताना दुसरा कोरडा मिळतो. बूट दर वर्षी नवा घेता येतो. पाय मात्र आयुष्यभर तेच वापरायचे असतात.