तुमच्या शेतात ओनसेन आहे का?

मे महिन्यात नांदेडचा पारा ४४ अंशांवर जातो. आई ओरडत असते, "ऊन लागेल, घरात ये!" आणि तुम्ही गल्लीत क्रिकेट खेळतच असता. तापता, घामाघूम होता, पण खेळ थांबत नाही. आता एक सांगा. त्याच ४४ अंशांचं पाणी हौदात भरून दिलं, तर गळ्यापर्यंत बुडून तासभर बसाल? पाय घातल्या घातल्या ओरडत बाहेर याल! पारा तोच, मग हवेतले ४४ चालतात आणि पाण्यातले का चालत नाहीत?

याची कारणं दोन. पहिलं म्हणजे पाणी उष्णता वाहून नेण्यात फार तरबेज असतं. हवेच्या साधारण पंचवीस पट. तेवढ्या जोरात ते उष्णता तुमच्या अंगात ढकलतं. दुसरं कारण घाम. उघड्यावर घाम सुकतो आणि सुकताना अंगातली उष्णता घेऊन जातो. पाण्याखाली तो सुकणार कसा? म्हणून शरीराचं स्वतःला गार ठेवायचं यंत्रच बंद पडतं.

तरीही जगात एक देश असा आहे, जिथे लोक ४० ते ४२ अंशांच्या पाण्यात बसायला पैसे मोजतात, आगगाडीने दूर डोंगरात जातात आणि मुक्काम ठोकतात. तो देश जपान. जमिनीतून येणाऱ्या गरम पाण्याला तिथे म्हणतात ओनसेन, आणि जुन्या पद्धतीच्या मुक्कामाच्या घराला र्‍योकान.

समजा, तुम्ही र्‍योकानात पोचलात. दारातच बूट काढायचे, हे आपल्याला नवीन नाही. आतल्यासाठी सपाता मिळतात. पण खोलीत शिरताना त्याही बाहेर ठेवायच्या, कारण खोलीभर तातामी असते. तातामी म्हणजे लव्हाळ्यासारख्या गवताची विणलेली जाड चटई. खोली किती मोठी, हेही चटयांवरून सांगतात : सहा चटयांची, आठ चटयांची. शौचालयासाठी सपातांचा आणखी एक वेगळा जोड असतो. तो घालून चुकून बाहेर आलात, तर सगळं र्‍योकान गालात हसतं. खोलीत पलंग नाही. एक बुटकं मेज, बसायला उशा, आणि घालायला युकाता नावाचा सुती झगा. त्याची डावी बाजू उजवीच्या वर यायला हवी. उलट नेसलात, तर वाढणाऱ्या आजी धावत येऊन नीट करतील, कारण तिकडे फक्त मेलेल्या माणसाला तसं नेसवतात! रात्री कपाटातून गाद्या निघतात, सकाळी घडी होऊन परत कपाटात जातात.

आणि आंघोळ? इथे खरी गंमत आहे. गरम पाण्याच्या कुंडात उतरण्याआधी आंघोळ करून यायची! बुटक्या स्टुलावर बसायचं, साबण लावायचा, अंग घासायचं, फेसाचा थेंबही उरू द्यायचा नाही आणि मगच कुंडात पाय ठेवायचा. तिथे साबण नाही, उड्या नाहीत, पोहणं नाही, आणि (हसू नका) कपडेही नाहीत. बायकांची आणि पुरुषांची कुंडं बहुतेक ठिकाणी वेगळी असतात. हातातला लहान पंचा पाण्याला लागू द्यायचा नाही, म्हणून लोक तो घडी करून डोक्यावर ठेवतात. तेच पाणी सगळ्यांचं, म्हणून प्रत्येकाने मळ बाहेर काढून यायचं. मला हा नियम फारच आवडतो. आपल्या नदीघाटांवर लागू केला तर काय बहार येईल!

ही घरं किती जुनी असावीत? यामानाशी भागातलं केइउनकान नावाचं र्‍योकान इ.स. ७०५ मध्ये सुरू झालं. तेव्हा आपल्या वेरूळचं कैलास लेणं कोरायला सुरुवातही झालेली नव्हती. दत्तक वारस धरून बावन्न पिढ्यांनी ते चालवलं. जगातलं सर्वांत जुनं हॉटेल म्हणून गिनीज बुकात त्याची नोंद आहे.

आता जपानहून थेट मराठवाड्यात या. नांदेडहून आदिलाबादच्या गाडीत बसा. मुदखेड, भोकर, हिमायतनगर मागे टाकत गाडी किनवटला येते. काळी सपाट रानं संपून सागाचं जंगल सुरू होतं. याच किनवट तालुक्यात पैनगंगेच्या काठी उनकेश्वर आहे. महादेवाचं मंदिर आहे आणि जवळच कुंडात गरम पाणी आहे. बारा महिने, चोवीस तास, ना लाकूड ना वीज. पारा चाळिशीच्या पुढे, म्हणजे ओनसेनच्या बरोबरीचा! इथेही लोक मुक्कामाला येतात, रोज त्या पाण्याने आंघोळ करतात. बहुतेकांना कातडीचा काही ना काही त्रास असतो. तातामी आणि युकाता तेवढे नाहीत.

उनकेश्वरची कथा अशी सांगतात : शरभंग ऋषींच्या अंगावर रोग उठला होता. वनवासात निघालेल्या रामाने त्यांच्यासाठी जमिनीत बाण मारला आणि गरम पाणी उसळलं. आता जपानातल्या शुझेन्जी गावची कथा ऐका. एक मुलगा थंडगार नदीत आजारी वडिलांना आंघोळ घालत होता. कोबो दाइशी नावाच्या बौद्ध भिक्षूला ते पाहवलं नाही. त्याने हातातलं धातूचं शस्त्र नदीतल्या खडकावर आपटलं आणि गरम पाणी उसळलं. नदी, आजारी माणूस, एक फटका, गरम पाणी. दोन्ही गावांनी एकमेकांचं नावही ऐकलेलं नव्हतं!

बाण आणि शस्त्र क्षणभर बाजूला ठेवू. पाणी तापवलं कोणी?

जपानचं उत्तर सोपं वाटतं. तिथे शंभराहून जास्त जागृत ज्वालामुखी आहेत. कितीतरी ठिकाणी जमिनीखाली थोड्या खोलीवर वितळलेला खडक आहे, पावसाचं पाणी त्याने तापलेल्या खडकांपर्यंत झिरपतं आणि तापून वर येतं. मग तुम्ही म्हणाल, आपला मराठवाडाही लाव्हाचाच की! शाळेत शिकलोय, काळा खडक म्हणजे बेसाल्ट, बेसाल्ट म्हणजे थिजलेला लाव्हा. अगदी बरोबर. पण तो लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिला. जपानचा बंब अजून पेटलेला आहे. आपला केव्हाच विझला, त्याची राखसुद्धा गार झाली.

शिवाय आपल्याकडे हा काळा थर वाटतो तितका जाड नाही. हे कळलं एका दुःखद घटनेनंतर. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि धाराशिवच्या घराघरांत त्याच्या आठवणी आहेत, तुमच्या आजीला विचारा. त्यानंतर जमिनीखाली आहे तरी काय, हे पाहायला हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी किल्लारीला ६१७ मीटर खोल भोक पाडलं. काळा खडक ३३८ मीटरवरच संपला! खाली थोडा गाळाचा थर, आणि त्याखाली ग्रॅनाइटच्या जातीचा, अब्जावधी वर्षांचा म्हातारा खडक. महाबळेश्वरकडे हाच लाव्हा किलोमीटरहून जाड आहे, आणि पूर्वेला सरकत जाल तसा तो पातळ होतो. देगलूर, बिलोलीकडे तर ग्रॅनाइट उघड्यावरच दिसतो. किनवटचा भागही लाव्हाच्या या काठावरचाच.

मग उनकेश्वरला ऊब कुठून येते? थेट पृथ्वीच्या पोटातून. पृथ्वी जन्मली तेव्हाची थोडी उष्णता अजून आत उरली आहे. शिवाय खडकांमधले युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम यांचे काही अणू सावकाश फुटत असतात आणि फुटताना उष्णता सोडतात. म्हणून जमिनीत जितकं खोल जाल तितकं गरम लागतं. बहुतेक ठिकाणी दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश, कुठे कमी, कुठे जास्त. खाली जाताना गरम होत जाणं नांदेडलाही खरं आहे, लातूरलाही आणि तुमच्या शाळेच्या मैदानाखालीही.

आता हिशेब करा. पावसाचं पाणी साधारण २७ अंशांचं धरू. ते चाळिशीच्या पुढे न्यायचं तर निदान पंधरा अंश वाढायला हवेत. म्हणजे पाणी कमीत कमी अर्धा किलोमीटर खाली गेलं पाहिजे. येताना वाटेत ते थोडं गार होणारच, तेव्हा खरी खोली त्याहून जास्त. पण नुसतं खाली जाऊन भागत नाही. सावकाश वर आलं, तर पृष्ठभागापर्यंत पुन्हा गार होऊन जाईल. भरभर वर यायला खडकात मोठी, उभी भेग हवी. अशी भेग सगळीकडे नसते. म्हणून उनकेश्वरला कुंड आहे आणि नांदेडच्या वजिराबादेत नाही. कोकणात तर वज्रेश्वरीपासून राजापूरपर्यंत अशा झऱ्यांची रांगच आहे, आणि तिथेही पेटलेला ज्वालामुखी नाही.

आत पाणी नेमकं किती तापलं होतं, हे न खणताच कळतं, बरं का! गरम पाण्यात खडकातली सिलिका जास्त विरघळते. वर येताना पाणी गार झालं, तरी बरीचशी सिलिका त्यात तशीच राहते. शास्त्रज्ञ बाटलीभर पाणी नेतात, सिलिका मोजतात आणि सांगतात : हे पाणी खाली इतक्या अंशांचं होतं.

झऱ्याजवळ कधी कधी सडक्या अंड्याचा वास येतो ना? तो गंधकाच्या एका वायूचा, हायड्रोजन सल्फाइडचा. जपानच्या हाकोने भागात ओवाकुदानी नावाची दरी आहे. तिथे याच वासाच्या कुंडात अंडी उकडतात आणि त्यांची कवचं कुळकुळीत काळी होतात. पाण्यातलं लोह कवचावर बसतं, त्याला हा वायू भेटतो आणि काळा लेप तयार होतो. आत मात्र नेहमीचंच पांढरं-पिवळं अंडं. एक खाल्लं की आयुष्य सात वर्षांनी वाढतं, असं तिकडे सांगतात. मी पैज लावणार नाही. अंडी न खाणाऱ्यांसाठी हिमाचलातलं मणिकरण आहे. तिथल्या गुरुद्वाऱ्याच्या लंगरचा भात गरम झऱ्यातच शिजतो. नांदेडच्या लंगरमध्ये जेवलेल्यांना हे ऐकून मजा वाटेल.

आणि रोग बरा होतो का? गरम पाण्याने अंग सैल पडतं, खाज शमते, बरं वाटतं. खरजेच्या काही मलमांत गंधक असतंही. पण कुष्ठरोगासारखा आजार बरा करतात त्या गोळ्या. त्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. कुंडात डुंबायचं ते डुंबा, पण गोळी चुकवायची नाही.

त्या पाण्यात आपल्या आधीच कोणीतरी मुक्काम टाकलेला असतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी उनकेश्वरच्या पाण्यातले डीएनए वाचले. २०१६ साली त्यांनी छापलं, की इथे सातशेहून जास्त प्रकारचे सूक्ष्मजीव आहेत! नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातही या जीवांवर काम झालं आहे. असले जीव काय कामाचे, असं विचारू नका. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या येलोस्टोनच्या गरम झऱ्यात थॉमस ब्रॉक यांना थर्मस ॲक्वाटिकस नावाचा जिवाणू सापडला. ७० अंशांत तो मजेत राहतो. डीएनएच्या प्रती काढताना नमुना पुन्हा पुन्हा ९५ अंशांच्या आसपास तापवावा लागतो आणि त्यात साधी एन्झाइमं निकामी होतात. या जिवाणूचं एन्झाइम टिकून राहतं. करोनाच्या वेळी नाकात काडी घालून केलेली ती चाचणी आठवते? असली चाचणी जगभर करता आली, ती असल्या एन्झाइमाच्या जोरावर. आणि त्या थर्मसच्या भाऊबंदांची नोंद उनकेश्वरच्या पाण्यातही झाली आहे.

आता शेवटची गंमत. ओनसेन कशाला म्हणायचं, याचा जपानात १९४८ चा कायदा आहे. जमिनीतून येणारं पाणी उगमापाशी २५ अंश किंवा जास्त हवं. तेवढं नसेल, तर ठरलेल्यांपैकी एखादं खनिज पुरेसं हवं. बस्स, पंचवीस! आता मराठवाड्यातली जमीन आठवा. दहा-पंधरा मीटर खाली हिवाळा-उन्हाळा पोचतच नाही. तिथलं तापमान वर्षभराच्या सरासरीच्या आसपास असतं, आपल्याकडे साधारण २७-२८. म्हणून जानेवारीच्या पहाटे बोअरचं पाणी कोमट लागतं आणि मेच्या दुपारी तेच गार लागतं. पाणी बदलत नाही, बाहेरची हवा बदलते. आणि लातूरकडे तर बोअर पाच-सातशे फूट खाली जातात. म्हणजे जपानच्या कायद्याने तुमच्या आजोबांच्या शेतातला बोअर चक्क ओनसेन ठरू शकतो!

ठरतो का, हे तुम्हीच मोजा. ताप मोजायचा थर्मामीटर घेऊ नका, तो साधारण ३५ अंशांखाली काही दाखवतच नाही. शाळेच्या प्रयोगशाळेतला, शून्यापासून आकडे असलेला सरांना मागा. मोटार घरच्या मोठ्यांनाच सुरू करू द्या. पाइपातलं उन्हाने तापलेलं पाणी निघून जायला दहा मिनिटं लागतील, तोवर थांबा. मग बादली भरून थर्मामीटर बुडवा आणि पारा पाण्यात असतानाच आकडा वाचा. तारीख, वेळ, बोअरची खोली आणि हवेचं तापमान वहीत लिहा. तेच जानेवारीत करा, तेच मेमध्ये करा. शेजारच्या जास्त खोल बोअरचाही आकडा मिळाला तर फारच छान, कारण मग दर किलोमीटरला किती अंश वाढतात, हे गणित तुमच्या गावापुरतं तुम्हालाच मांडून पाहता येईल.